आधी पाय जमिनीला

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते शहापूरच्या एसटी स्टँडवर. सुती साडीखाली पुरुषी कॅनव्हासचे बूट, काखेत भली थोरली काळी छत्री आणि समोर एक गोंधळलेला कंडक्टर. त्या त्याला सांगत होत्या, "आता मी पिशवीत हात घालणार. चष्मा काढणार. मग तुमची पाटी वाचणार."

कंडक्टर दोन पावलं मागं सरला. "वाचा की आजी," तो म्हणाला, "कुनी धरलंय तुमाला?"

मी कल्याणहून नोकरीसाठी आले होते. मानसशास्त्राचं एम. ए., वर एक डिप्लोमा आणि हातात नवीकोरी वही. ज्यांच्या हाताखाली काम करायचं होतं त्या बाई मला घ्यायला स्टँडवर येणार होत्या. त्या याच असतील असं मला अजिबात वाटलं नव्हतं. त्यांनीच मला ओळखलं. "तू कल्याणची ना? वहीवरून कळलं. चल. आता मी रस्ता ओलांडणार."

हे असं सांगत राहणं म्हणजे वयाचा परिणाम असावा असं मला आठवडाभर वाटत होतं. मग त्यांच्याकडे येणारी माणसं बघितली आणि उलगडा झाला. लहानपणापासून वर्षानुवर्षं मार खाल्लेली, कोंडलेली, आपल्याच माणसांना घाबरत मोठी झालेली ती माणसं. समोरचा अचानक उठला, खिडकी आदळली, पाठीमागून कुणी आलं की त्यांचा जीव उडायचा. सगळं कधीच संपलंय हे डोक्याला ठाऊक असायचं, अंगाला कळलेलं नसायचं. म्हणून बाई उठण्याआधी सांगायच्या, खिडकी लावण्याआधी सांगायच्या. तीस वर्षं मुंबईच्या एका इस्पितळात हे करून करून ती सवय बाहेरच्या जगातही सांडली होती. बाजारात "आता मी वांग्याला हात लावणार" म्हणायच्या. एकदा पतपेढीच्या सभेत भर भाषणात "आता मी शिंकणार" म्हणून उभ्या राहिल्या, आणि अख्खी सभा थांबून वाट बघत बसली. शिंक आलीच नाही.

मूळच्या त्या मुरबाडकडच्या, भातशेती करणाऱ्या घरातल्या. निवृत्त झाल्यावर परत आल्या आणि शहापुरात बी-बियाण्यांच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन बसल्या. जिना चढताना खताचा वास नाकात जायचा. दारावर पाटी होती, "भेटायला या." बास. मी म्हटलं, "मॅडम, निदान समुपदेशन केंद्र तरी लिहू या."

"मॅडम पंचायत समितीत बसतात. मला बाई म्हण. आणि ते लिहिलंस तर जिना कोण चढेल? खालचा दुकानदार पण नाय चढायचा."

दुकानदार चढायचा. रोज चढायचा, चहाच्या वेळी. बाईंनी त्यालाही सोडलं नव्हतं. त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला त्या विचारायच्या, "तवा किती तापलाय?" आतल्या घालमेलीला आकडे द्या म्हटलं तर इथल्या बाया बावरायच्या, तवा सगळ्यांना कळायचा. गार, कोमट, भाकरी टाकण्याजोगा, धूर निघालेला. धूर निघायच्या आत कळलं पाहिजे, एवढंच शिकवायचं. दुकानदार कप घेता घेता सांगायचा, "आज लई तापलाय बाई. खताची गाडी नाय आली." बाई गंभीरपणे मान हलवायच्या आणि त्याला दहा वेळा सावकाश श्वास सोडायला लावायच्या. गाडी काही त्यानं यायची नाही, पण तो शांतपणे जिना उतरायचा.

खोलीत खुर्च्या तीन. दाराजवळची येणाऱ्याची, तिथं मी चुकून बसले तर बाई मला उठवायच्या. "ज्याला पळावंसं वाटतं त्याला दार जवळ पायजे." दार कधी पूर्ण लागत नसे. टेबलावर उकडलेल्या शेंगांची ताटली, चिंचेचा गोळा, ओव्याची पुरचुंडी. आणि एक नियम, जो ऐकून मी पहिल्याच दिवशी चाट पडले: पहिल्या भेटींत गोष्ट सांगायची नाही. कुणी "बाई, माझ्यावर काय काय झालं..." असं सुरू केलं, की त्या हात वर करायच्या. "ऐकणार मी. सगळं ऐकणार. गोष्ट कुठं पळत नाय. आधी पाय जमिनीला टेकव. काल झोपलीस किती? जेवलीस काय?"

मला वाटायचं, हे काय काम? मी शिकून आले होते माणसाच्या मनाच्या तळाशी जायला, आणि इथं महिनोन्‌महिने झोप, जेवण, श्वास आणि तवा. त्यात प्रत्येक गोष्ट आधी मी करून दाखवायची. "तुझी शांत जागा कुठली? डोळे मीट, सांग." मी म्हटलं, समुद्रकिनारा. बाई म्हणाल्या, "पुस्तकातला नको. तुझा सांग." मी अर्धा तास बसले तेव्हा कुठे मला माझ्या मामीच्या घरातला पिठाच्या डब्यामागचा कोपरा आठवला. इथल्या लोकांच्या शांत जागा तर काय एकेक होत्या. कुणाची खळ्यावरची पेंढ्यांची उडवी, कुणाची एसटीतली ड्रायव्हरमागची सीट. खर्डीची एक सून म्हणाली होती, "सासू गावाला गेलीय आन् मी वट्यावर बसलेय." बाईंनी तिला विचारलं, "किती दिवसांसाठी गेलीय?" ती लाजून म्हणाली, "आठ दिस." "मग पंधरा कर. आपल्याच मनात तर पाठवायचीय."

तिसऱ्या आठवड्यात मी माती खाल्ली.

बाई मुरबाडला गेल्या होत्या. मी एकटीच होते आणि हिरा आली. हिरा (नाव मी बदललं आहे) डोळखांबच्या पुढं एका पाड्यावरची, तिशीतली. लहानपणी आईबाप वीटभट्टीवर जायचे. ती अकरा वर्षांची असताना त्यांनी तिला भट्टीवाल्याच्या घरी कामाला ठेवली. त्या घरच्या मालकिणीनं पुढची पाच वर्षं तिला मारलं आणि अंधाऱ्या खोलीत कोंडलं. पुढं लग्न झालं, नवरा भला मिळाला, मुलगी झाली. पण हिरा मधूनच "निघून" जायची. चुलीपुढं बसल्या बसल्या डोळे थिजायचे, भाकरी जळायची, सहा वर्षांची पोर हाका मारून रडायची, हिला ऐकू यायचं नाही. घरचे म्हणायचे, अंगात येतं. गावच्या आशाताईनं तिला आमच्याकडे आणलं होतं.

त्या दिवशी ती बोलायला लागली. नियम मला माहीत होता. पण मला वाटलं, आता खरं काम सुरू झालं. मी थांबवलं नाही, उलट "मग?" "मग काय झालं?" विचारत गेले. तासाभरानं ती गप्प झाली. मी हाक मारली. तिनं बघितलं नाही. हात बर्फासारखे. खुर्चीतून उठता येईना. शेवटी आशाताईला फोन केला आणि ती हिराला रिक्षात घालून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी निरोप आला: हिरा धान्याच्या कणगीमागं बसून आहे, जेवत नाही, पोरीला जवळ येऊ देत नाही.

मी बाईंना सगळं सांगितलं. वाटलं, आता नोकरी गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चप्पल घाल."

डोळखांबपर्यंत एसटी, पुढं चालत. पाड्यावर पोचल्यावर बाई घरात गेल्याच नाहीत. अंगणात हिराची सासू नाचणी पाखडत होती, तिच्या शेजारी बसल्या आणि दुसरं सूप मागून घेतलं. मोठ्यानं म्हणाल्या, "हिरा, मी आलेय. आत येणार नाय. इथं नाचणी पाखडणार." आणि खरंच पाखडत बसल्या. मला म्हणाल्या, "तू पण पाखड." मला येत नव्हतं. निम्मी नाचणी मी कोंबड्यांना वाढली.

तासाभरानं दारात सावली हलली. हिरा उंबऱ्यावर येऊन बसली. डोळे तसेच, कुठंतरी लांब.

"हिरा, पाय कुठं हायत तुझे?" बाईंनी हातातलं सूप न थांबवता विचारलं.

बराच वेळ गेला. "हितं."

"जमीन कशी लागते?"

"गार."

"बरं. मला दिसत नाय नीट. कोंबड्या किती हायत बघ गो. मला पाच दिसतात."

हिरानं मान वळवली. हळूहळू अंगणभर नजर फिरवली. "सा हायत."

"पाचच दिसतात."

"सा. एक तुझ्या छत्रीमागं हाय." आणि मग तिचे डोळे जागेवर आले. तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्यासमोरच्या कोंबड्यांच्या घोळक्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हिला कुनी दिलं सूप?" सासू हसली. पोर घराच्या कोपऱ्यामागून येऊन तिच्या मांडीला चिकटली.

मी तिची माफी मागितली. नीट मागता आली नाही, मध्येच रडू आलं. हिरा म्हणाली, "तू पन रडतंस व्हय?" जणू तिला एक नवीनच गोष्ट कळली होती.

परतीच्या वाटेवर बाई म्हणाल्या, "तिनं सांगितलं ते वाईट नाय झालं. सांगून झाल्यावर वर कसं यायचं, ते आपण शिकवलं नव्हतं. माणसाला विहिरीत सोडायच्या आधी दोर बांधतात. आपलं सगळं काम दोर वळायचं. उतरायचं काम त्यातलं थोडंसंच." मग थांबून म्हणाल्या, "आता मी दगडावर बसणार. गुडघा दुखतोय."

त्या दिवसानंतर मी झोप आणि जेवण विचारायला कधी कंटाळले नाही.

दोर वळायला सव्वा वर्ष लागलं. हिराच्या कमरेच्या पिशवीत चिंचेचा गोळा आला. तंद्री लागतेय असं वाटलं की जिभेवर ठेवायचा. आंबटपणानं माणूस चटकन इथं परत येतो. पोरीला बाईंनी तव्याचा खेळ शिकवला. "आये, तवा किती?" तिनं विचारायचं, आणि हिरानं खरं सांगायचं. "तापलाय. तू वाईच आजीकडं जा. गार झाला की हाक मारते." आणि हाक मारायचीच, हा नियम. पोरीचं घाबरणं गेलं ते तिथून. बाई गावच्या भगताकडेही जाऊन चहा पिऊन आल्या. त्याला म्हणाल्या, "तू तुझं कर बाबा. फक्त तिला धूर देऊ नको आन् हात लावू नको." भगत म्हणाला, "मग राहिलं काय?" बाई म्हणाल्या, "नारळ." दोघं हसले. पुढं तोच आमच्याकडे माणसं पाठवायला लागला.

मुरबाडला आम्ही आठवड्यातून एकदा भेटी घ्यायला जायचो. तिथं एक टेम्पोवाला यायचा, चाळिशीचा, आडदांड. लहानपणी एका वसतिगृहात त्याला वर्षानुवर्षं पट्ट्यानं मारलेलं. आता कुणी आवाज चढवला की हा समोरचं सामान फोडायचा. त्यानं मोबाइलवर कुठंतरी बघितलं होतं की डोळे इकडून तिकडं हलवून जुन्या आठवणींचा त्रास घालवता येतो. बाईंना ती पद्धत येत होती, त्या ती वापरायच्याही. पण वेळ आल्यावर. हा पहिल्याच दिवशी टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "ते डोळ्यांचं करा ना बाई. फास्टमदी. मला टाइम नाय."

"टेम्पो कुठं कुठं नेतोस?"

"कुठं पन. माळशेज चढून पार आळेफाट्यापोतर."

"ब्रेक बिघडलेला असला तर घाटात घालशील?"

"येडा हाय का मी?"

"मग मी येडी हाय का?"

त्यानं टेबलावरची मूठ काढून घेतली. मग आठ महिने दर आठवड्याला येत राहिला, ब्रेकच्या कामासाठी. त्याची शांत जागा निघाली म्हशींचा गोठा, आजोबांचा. बाईंनी पूर्ण गांभीर्यानं विचारलं, "कुठली म्हैस?" तो सांगताना इतका रंगला की आम्हाला त्या म्हशीच्या स्वभावापासून शिंगांपर्यंत सगळं पाठ झालं. एक दिवस येऊन म्हणाला, "बाई, काल मार्केटात एकानं आईवरून शिवी दिली. मी म्हशीजवळ जाऊन आलो. माल उतरवला, निघालो. तो मागून बोंबलतोय, अरे बोल ना काहीतरी!" आणि स्वतःच पोट धरून हसला.

बाई काही देवमाणूस नव्हत्या. हट्टी होत्या. संगणकाला हात लावत नसत, माझ्या डब्यातली भाजी न विचारता संपवत. (सांगून संपवत. "आता मी तुझी भेंडी खाणार.") आणि त्यांचा तो थांबण्याचा नियम कधी कधी अतीच व्हायचा.

हिराच्या बाबतीत मी एकदा तोंड उघडलं. ती नीट झोपत होती, जेवत होती, महिनोन्‌महिने भाकरी जळली नव्हती. मी म्हटलं, "बाई, आता तिच्या आठवणींवर काम सुरू करू या ना."

"अजून दोन महिने."

दोन महिन्यांनी पुन्हा, "अजून दोन महिने."

"का पण?"

त्या शेंगा सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "मुंबईला असताना एक बाई यायची माझ्याकडे. शिक्षिका. दोन वर्षं मी तिला तयार करत राहिले. ती म्हणायची, आता सांगते. मी म्हणायचे, थांब. एक दिवस म्हणाली, तुम्हालासुद्धा ऐकायचं नाहीये, आमच्या घरात कुणालाच ऐकायचं नव्हतं तसं. गेली. परत आली नाही." शेंगेचं टरफल त्यांनी बोटांत चुरलं. "तिची तयारी झाली होती. माझी नव्हती."

"आणि आता?"

"आता पण भीती वाटते," बाई म्हणाल्या. "हिरानं पाच वर्षं जे भोगलं ते ऐकायची. म्हातारी झाले मी."

पुढच्या भेटीला हिरा आली ती भरलेली पिशवी घेऊन, बाजार करून. शेंगा खाता खाता सहज म्हणाली, "गेल्या बाजाराला मालकीन दिसली."

माझ्या हातातलं पेन थांबलं. बाईंनी चष्मा काढला, न सांगता. तेवढं एकदाच झालं असेल.

"कुठं?"

"भाजीवाल्यांकडं. मिरच्या घेत व्हती. माझं पाय गारठलं. कान बंद झालं. मग मी चप्पल काढली. पाय भुईला टेकवलं. चिंच घातली तोंडात. म्हनलं, हा शहापूरचा बाजार हाय, ही माझी पिशवी हाय, घरी माझी पोर हाय." ती शेंग फोडायला थांबली. "मग बघितलं नीट. बाय, ती म्हातारी झालीय गो. काठी घेऊन चालते. आन् मी मोठी झालेय. हे मला म्हाईतच नव्हतं."

"मग काय केलंस?"

"काय करनार? बोंबील घेतलं. घरी गेले, कालवन केलं."

मग हिराच म्हणाली, "आता ते सगलं काढायचं ना भाईर? कवा?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "सोमवारी," त्या म्हणाल्या.

त्या सोमवारपासून ते काम चार-पाच महिने चाललं. सोपं नव्हतं. मधे एकदा दोन आठवडे पुन्हा नुसत्या श्वासावर आणि झोपेवर यावं लागलं. पण हिरा आता स्वतः नवीन आलेल्या बायांना घेऊन जिना चढते, पोर तिची शाळेत जाते आणि वर्गातल्या बाईंना "तवा किती?" विचारते, अशी तक्रार आली आहे. बाई गेल्या वर्षी गुडघ्यांमुळे मुरबाडला भावाकडे राहायला गेल्या. पण बाईंची आठवण आली की मला आठवतो तो पहिला सोमवार.

आदल्या रात्री बाईंचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. दोघी आत गेल्या. मी बाहेर गॅलरीत बसले. आतून कधी बाईंचा आवाज यायचा, कधी हिराचा. एकदा मोठ्यानं रडणं, मग शांतता, मग पुन्हा बोलणं. दीड तास झाला. मग दोघींचा श्वास सोडल्याचा आवाज यायला लागला. भेट संपताना मन निवायला तसा सावकाश श्वास सोडायचाच असतो. हळूहळू तो आवाजही थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं काहीच नाही. मी उठले, तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि हिरा बाहेर आली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, आणि ओठांवर बोट.

"काय झालं?" मी कुजबुजले.

"बाय झोपली."

मी फटीतून बघितलं. बाई खुर्चीत मान टाकून, तोंड उघडं ठेवून चक्क घोरत होत्या. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकलेले.

"उठवते मी," मी म्हटलं.

"नको गो. दमली ती. लई ऐकलंन् आज." हिरानं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याशेजारी बसली. तिची तब्येत कशी आहे ते मी विचारणार होते, तर तिनंच मला विचारलं, "तू जेवलीस का?" माझा डबा आम्ही दोघींनी मिळून खाल्ला. खाली रस्त्यावर डोळखांबची एसटी येऊन थांबली. पुढची दोन तासांनी होती. मी म्हटलं, "हिरा, गाडी."

"जाऊ दे," ती म्हणाली. "उठल्यावर समोर कोनी दिसलं नाय, तं घाबरंल ती."

एसटी निघून गेली. हिरानं आत जाऊन खिडकीचा पडदा ओढला, बाईंच्या तोंडावरचं ऊन अडवलं, आणि त्यांच्यासमोरच्या खुर्चीत जाऊन बसली.